न दिसणारी शीव

(बी. ए. द्वितीय वर्ष)

खेळाचा पट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सापशिडी उभी राहते. कोणत्या घरात साप आहे आणि कोणत्या घरात शिडी, हे पट मांडल्याबरोबर लहान मुलालाही दिसते. सोंगटी त्या घरात पडली की पुढे काय होणार हेही ठरलेले असते. साप सगळ्यांना सारखाच गिळतो. तुम्ही पहिल्यांदा आलात की तिसऱ्यांदा, हे तो विचारीत नाही. संगणकावर अनेकांनी मिळून खेळावयाच्या भूमिका-खेळांतही असाच एक पट असतो. त्याला नकाशा म्हणतात. त्या नकाशात गावे असतात, राने असतात, भुयारे असतात आणि जागोजागी साप व शिड्याही पेरलेल्या असतात. मात्र त्या दिसत नाहीत. या न दिसणाऱ्या घरांना 'ट्रिगर' असे म्हणतात. ती घरे कशी मांडतात आणि एकाच नकाशात अनेक माणसे वावरत असली की ती मांडताना कोणता विचार करावा लागतो, हे या लेखात सांगावयाचे आहे.

हा विषय विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकाचा आहे, कलाशाखेच्या विद्यार्थिनीने त्यात कशाला पडावे, असे कोणी म्हणेल. त्याचे उत्तर लेखातच मिळावे अशी अपेक्षा आहे. आरंभी एवढेच म्हणते, की आपल्या मराठी नाटकात अंकाच्या भागाला 'प्रवेश' म्हणतात, आणि पात्र रंगभूमीवर येते त्यालाही 'प्रवेश'च म्हणतात. पात्र आत आले की पुढचे घडू लागते. ट्रिगरची सारी विद्या या एका शब्दात सामावलेली आहे.

थोडा इतिहास पाहू. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. तो कागद, पेन्सिल आणि फाशांवर चालणारा खेळ होता. चार मित्र निरनिराळी सोंगे घेत, कोणी योद्धा, कोणी मांत्रिक, कोणी चोर. पाचवा होई सूत्रधार. भुयाराचा नकाशा फक्त त्याच्याजवळ असे आणि तो इतरांना दिसू नये म्हणून तो पुठ्ठ्याच्या आडोशामागे ठेवी. एखादा म्हणाला, "मी डावीकडच्या दालनात जातो," की सूत्रधार नकाशावर नजर टाकून सांगे, "तुझ्या पायाखालची फरशी खचली." म्हणजे ट्रिगर तेव्हाही होता. तो सूत्रधाराच्या डोळ्यांत आणि स्मरणात होता एवढेच.

पुढे १९७८ साली इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या विद्यार्थ्यांनी 'मड' नावाचा खेळ संगणकावर उभारला. त्यात चित्रे नव्हती, नुसता मजकूर होता. पण एकाच काल्पनिक जगात अनेक जण एकाच वेळी हिंडू शकत होते. येथे अडचण उभी राहिली. जग दिवसरात्र चालू, माणसे केव्हाही येणार, आणि प्रत्येकाच्या पावलावर नजर ठेवायला सूत्रधार काही जागा राहू शकत नाही. तेव्हा सूत्रधाराची ती नजर नकाशातच पेरून ठेवणे भाग पडले. १९९८ च्या 'स्टारक्राफ्ट' या खेळाबरोबर आणि २००२ च्या 'वॉरक्राफ्ट ३' बरोबर नकाशे तयार करण्याची साधनेच खेळाडूंच्या हाती आली. वॉरक्राफ्टच्या साधनात प्रत्येक ट्रिगरचे तीन भाग पाडलेले होते : घटना, अट आणि कृती. या साधनावर हौशी मंडळींनी रचलेल्या एका नकाशातून २००३ साली 'डोटा' हा खेळ निघाला. कंपनीने न केलेला, खेळाडूंनीच घडविलेला तो खेळ पुढे जगभर गेला.

मी ज्या साधनावर हे शिकले ते आहे 'नेव्हरविंटर नाइट्स' या खेळाचे. कॅनडातील बायोवेअर या कंपनीने तो २००२ साली काढला आणि त्यासोबत 'ऑरोरा टूलसेट' नावाचे नकाशे रचण्याचे साधन दिले. खेळ जुना असल्याने हलक्या संगणकावरही चालतो. माझ्या मावसभावाचे धावड्याला ऑनलाइन अर्ज भरून देण्याचे दुकान आहे. रात्री दुकान बंद झाले की तेथील दोन जुने संगणक आणि एक उसना लॅपटॉप एकमेकांना जोडून आम्ही भावंडे खेळतो. अर्थात घरच्यांच्या परवानगीने!

आता मूळ गोष्टीकडे वळू. न दिसणारी रेषा आणि ती ओलांडताच काहीतरी घडणे, ही कल्पना आपल्याला परकी आहे काय? मुळीच नाही. प्रत्येक गावाला शीव असते. शेतातून चालताना ती कोठे दिसत नाही, ढेकळे अलीकडे तीच आणि पलीकडेही तीच. पण नवरदेव शिवेवर आला की त्याचे पूजन व्हावयाचे, म्हणून त्या विधीला सीमांतपूजन म्हणतात. आता तो मंगल कार्यालयातच आदल्या सायंकाळी उरकतात, तरी नाव शिवेचेच राहिले. दुसरे उदाहरण आमच्याच भागातले. आमचा भोकरदन तालुका संपतो तेथे बुलढाणा जिल्हा लागतो. आज एस. टी.त बसलेल्या माणसाला जिल्हा बदलल्याचे पाटीवाचून कळतही नाही. पण १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेला आणि तेव्हापासून १९४७ पर्यंत या रेषेच्या अलीकडे निजामाची राजवट होती, पलीकडे इंग्रजांचा अंमल. अलीकडे हाली शिक्का चाले, पलीकडे कलदार रुपया. रान तेच, ज्वारी तीच, बोलीही जवळपास तीच, आणि पाऊल पलीकडे पडताच खिशातल्या नाण्याची किंमत बदले. नकाशातल्या ट्रिगरची याहून चांगली ओळख मला करून देता येणार नाही.

ऑरोरामध्ये ट्रिगर मांडणे हाताला सोपे आहे. नकाशाच्या जमिनीवर एकेक कोपरा टिचकीने दाखवीत जायचे आणि शेवटचा कोपरा पहिल्याला जोडायचा. शेताची मोजणी करणारा खुणेचे दगड रोवतो तसेच. जो आकार बंद झाला तो ट्रिगर. रचणाऱ्याला तो दिसतो, खेळणाऱ्याला दिसत नाही. मग त्याला एक नाव द्यायचे आणि कोणत्या प्रसंगी कोणती आज्ञावली चालवायची ते सांगायचे. यात मुख्य प्रसंग दोन : कोणी आत आले, आणि कोणी बाहेर गेले. तिसराही एक असतो, त्याला 'हार्टबीट' म्हणजे हृदयाचा ठोका म्हणतात. दर सहा सेकंदांनी तो आपोआप पडतो.

नवशिक्याला हा तिसरा प्रसंग फार आवडतो. दर सहा सेकंदांनी पाहायचे, कोणी आले का? आले असेल तर काम करायचे. पण यातील फरक ध्यानात घ्यावा. कोतवालाने रात्रभर दर घटकेला गावाला फेरी मारून चोर आला का ते पाहणे ही एक पद्धत. वेशीवरच्या कुत्र्याने चाहूल लागताच भुंकणे ही दुसरी. कोतवालाचे पाय दुखतात आणि चोर दोन फेऱ्यांच्या मध्ये येऊन जातो. कुत्रे मात्र एरवी स्वस्थ पडून असते. नकाशात शंभर ठिकाणी शंभर कोतवाल नेमले तर सर्व्हर, म्हणजे सगळ्यांचा खेळ चालविणारा मुख्य संगणक, त्यांच्या फेऱ्यांनीच थकून जाईल. म्हणून होता होईतो 'आत आले' या प्रसंगावरच काम भागवावे.

आकाराविषयी दोन गोष्टी. पट्टी फार अरुंद नसावी. संगणक खेळाडूची जागा क्षणाक्षणाला तपासतो खरा, पण दोन तपासण्यांच्या मध्ये वेगाने धावणारा खेळाडू अरुंद पट्टी ओलांडून पलीकडे गेला तर तो तिच्यावर होता हे कोणाला कळणारच नाही. तेव्हा पट्टीला चार-सहा पावलांची खोली द्यावी. दुसरे म्हणजे ती भिंतीपासून भिंतीपर्यंत भिडलेली असावी. बाजूला हातभर फट राहिली तर कोणी ना कोणी नेमका तेथूनच जातो. हा मनुष्यस्वभाव आहे.

येथवर सगळी कारागिरी झाली. आता खरा प्रश्न येतो. पाऊल पडले हे कळले, पण पाऊल कोणाचे?

ट्रिगरला डोळे नसतात. त्याच्यावरून खेळाडू गेला, रानडुक्कर गेले किंवा संगणकानेच चालविलेला एखादा गुराखी गेला, तरी त्याच्या लेखी सारे सारखेच. वेशीत वाटसरूचे स्वागत करण्यासाठी घोषणा ठेवावी आणि ती चरायला निघालेल्या गाईने वाजवावी, असा प्रकार होतो. म्हणून पहिली अट ही, की आत आलेला जीव माणूस खेळवीत आहे काय हे विचारावे. येथेही एक खोच आहे. या खेळात सूत्रधाराचीही सोय आहे. तो अदृश्य होऊन नकाशात हिंडत असतो, आणि 'हा खेळाडू आहे काय' या प्रश्नाला त्याच्या बाबतीतही 'होय' असेच उत्तर मिळते. त्याला वेगळे काढले नाही तर पडद्यामागच्या माणसाच्या पावलानेच नाटकाचा पडदा वर जातो. तिसरी गोष्ट, घोषणा ऐकवायची कोणाला? ज्याने पाऊल टाकले त्यालाच, की त्याच्या सगळ्या टोळीला? गुप्त खूण एकालाच दिसावी आणि पुराची हाकाटी सर्वांना ऐकू जावी. हे रचणाऱ्यानेच ठरवायचे असते.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. समजा आपल्या नकाशात एक पडकी गढी आहे. तिच्या उंबरठ्याशी ट्रिगर मांडलेला आहे. आत पाऊल पडताच एक म्हातारी प्रकट होते, गढीची कहाणी सांगते आणि एक अंगठी देते. पुढचा दरवाजा त्या अंगठीनेच उघडतो. ही गोष्ट एकदाच घडावी, दर पावलाला म्हातारी उठू नये. तर ट्रिगरला आठवण द्यावी लागते : 'हे झालेले आहे'. ही आठवण ठेवायची कोठे?

सर्वांत सोपी जागा म्हणजे ट्रिगर स्वतः. त्याच्यावरच एक आकडा लिहून ठेवायचा. ० म्हणजे झाले नाही, १ म्हणजे झाले. शिकविणाऱ्या बहुतेक धड्यांत पहिल्यांदा हेच दाखवितात, आणि एकट्याच्या खेळात ते पुरतेही. २०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने 'राजी' नावाचा खेळ काढला. त्यातील मुलगी एकटीच राक्षसांशी लढत पुढे जाते. एकटीच असल्यामुळे तिच्या जगात 'येथे हे झाले' आणि 'तिच्या बाबतीत हे झाले' या दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच होतो.

पण जेथे वीस माणसे खेळत आहेत तेथे ही दोन वाक्ये निराळी होतात. पहिला खेळाडू गढीत गेला, म्हातारी आली, अंगठी मिळाली, आकडा १ झाला. दुसरा दिवसभर शेतात राबून रात्री दहा वाजता खेळायला बसला. तो उंबरठा ओलांडतो, आणि काहीही होत नाही. म्हातारी नाही, कहाणी नाही, अंगठी नाही. समोर बंद दरवाजा. त्याने चुकीचे काहीच केलेले नाही. बरे, ट्रिगर अदृश्य असल्यामुळे येथे काही घडायचे होते याचाही त्याला पत्ता नाही. तो एवढेच समजतो, की हा खेळ आपल्याला जमत नाही.

या ठिकाणी मी थोडी थांबते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. ज्यांच्या घरात आधी कोणी शिकलेले नसते त्यांना हा दुसरा खेळाडू समजावून सांगावा लागत नाही. कोणता अर्ज कोणत्या तारखेच्या आत द्यायचा, कोणता दाखला आधीच काढून ठेवायचा, कोणत्या खिडकीशी काय विचारायचे, या शिवा कोठे आखलेल्या दिसत नाहीत. ज्यांचे थोरले भाऊबहीण त्या ओलांडून गेले, त्यांना त्या ठाऊक असतात. बाकीच्यांना दरवाजा बंद आढळला की वाटते, आपल्यातच काही उणे आहे. दरवाजाची अंगठी कोणीतरी द्यावयाची होती, ही शंकाही मनाला शिवत नाही. असो.

खेळात यावर उपाय आहे, आणि तो सोपा आहे. आठवण जागेवर न लिहिता माणसावर लिहावी. प्रत्येक खेळाडूच्या अंगावर त्याचा स्वतःचा आकडा : 'याची म्हातारीशी भेट झाली'. मग सकाळी येणाऱ्याला ती भेटते, रात्री येणाऱ्यालाही भेटते, आणि एकदा भेटलेल्याला मात्र पुन्हा उठवीत नाही. आज्ञावलीत फरक पडतो तो जेमतेम एका शब्दाचा. आकडा 'स्वतःवर' लिहा, याच्याऐवजी आकडा 'आत आलेल्यावर' लिहा. एवढ्याने वीस जणांचा न्याय होतो.

तरी एक अडचण उरते. अंगावर असा लिहिलेला आकडा सर्व्हर चालू आहे तोवरच टिकतो. सर्व्हर बंद करून पुन्हा लावला की पाटी कोरी. म्हणून तिसरी जागा लागते, ती म्हणजे दप्तर. चावडीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या नोंदी राहतात, तशी या खेळात सर्व्हर बंद झाला तरी टिकणारी नोंदवही असते. तिच्यात खेळाडूच्या नावापुढे गोष्ट लिहून ठेवता येते. काही रचनाकार दुसरी युक्ती करतात. खेळाडूच्या झोळीतच एखादी वस्तू टाकतात. जुन्या काळी इनामदार सनद बाळगीत, तशी ती वस्तू हीच त्याची साक्ष. ती झोळीत आहे म्हणजे भेट झालेली आहे.

याचा अर्थ आठवण नेहमी माणसावरच ठेवावी असा मात्र नाही. गावचा बांध फुटला तर तो सर्वांसाठीच फुटला पाहिजे. एकाला नदी कोरडी आणि त्याच्या शेजाऱ्याला पूर, असे झाले तर ते जग एक राहणार नाही. तेव्हा प्रत्येक ट्रिगर मांडण्याआधी स्वतःला विचारावे : ही घटना गावाची आहे, की माणसाची? गावाची असेल तर आठवण जागेवर, माणसाची असेल तर माणसावर, आणि उद्यापर्यंत टिकवायची असेल तर दप्तरात. मला वाटते, अनेकांचा नकाशा रचण्याच्या विद्येत याहून मोठा प्रश्न नाही. याचे उत्तर संगणक देत नाही. ते रचणाऱ्याच्या न्यायबुद्धीतून यावे लागते. कलाशाखेची विद्यार्थिनी यात कशी, याचे उत्तरही हेच.

बाहेर जाण्याच्या प्रसंगाविषयीही सांगितले पाहिजे, कारण तो अधिक फसवा आहे. दालनात कोणी आले की दिवे लागावेत आणि गेले की विझावेत, एवढीच साधी इच्छा. तिघे आत येतात, दिवे लागतात. त्यांतला एक बाहेर पडतो, ट्रिगर म्हणतो 'गेले', आणि उरलेले दोघे अंधारात! यावर मोजणी ठेवतात. आला की एक वाढवा, गेला की एक कमी करा, शून्य झाले की दिवे विझवा. पण आमच्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. घरची वीज गेली की खेळाडू आहे त्या जागी नकाशातून नाहीसा होतो. तो पावलाने शिवेबाहेर गेलेला नसतो, त्यामुळे त्याच्या जाण्याची नोंद होईलच याचा भरवसा नाही. मोजणीत एक माणूस कायमचा उरतो आणि रिकाम्या दालनात रात्रभर दिवे जळत राहतात. म्हणून मोजणीवर विसंबू नये. दिवे विझविण्याआधी आत खरोखर कोण आहे ते प्रत्यक्ष पाहावे. हजेरीपटावरचे आकडे आणि वर्गातली डोकी यांत अंतर पडू शकते, हे आपल्या गुरुजनांना मी सांगावयास नको.

आणखी एक पथ्य पाळावे असे मला वाटते. ट्रिगर अदृश्य असावा, पण त्याची चाहूल नसावी असे नाही. पुढे खड्ड्याचा सापळा असेल तर अलीकडे एखादे मोडके चाक पडलेले दाखवावे, हाडे दाखवावीत, वाऱ्याचा आवाज बदलावा. सावध माणूस ते वाचील, बेसावध पडेल, आणि पडल्यावर मागे वळून पाहताना 'खूण होती खरी' असे म्हणेल. काहीच खूण नसताना जो पडला त्याला कसलाही धडा मिळत नाही. तो फक्त खेळ सोडून जातो.

अशी नकाशे रचण्याची विद्या आता केवळ परदेशाची राहिलेली नाही. पुण्यात 'राजी' तयार झाली, आणि पुण्याच्याच सुपरगेमिंग या कंपनीने २०२४ साली 'इंडस' हा अनेकांनी मिळून खेळण्याचा लढाईचा खेळ बाजारात आणला. उद्या या कामात मराठी गावांतली मुलेमुली असतील. त्यांना आज्ञावली लिहिता यावीच, पण शीव म्हणजे काय, वेस म्हणजे काय, उशिरा आलेल्याला ताट वाढून ठेवणे म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक असेल, आणि ते नकाशात उतरेल.

ज्या मित्रमैत्रिणींना हे करून पाहावयाचे असेल त्यांनी आधी संगणकाच्या मागे लागू नये. वहीच्या कागदावर आपल्याच गावाचा नकाशा काढावा. वेस, पार, बारव, गढी, शाळा. मग तांबड्या पेन्सिलीने पाच जागा घेराव्यात आणि प्रत्येकीपुढे चार ओळी लिहाव्यात : कोण आत आले तर, कोणती अट पुरी झाली तर, काय घडेल, आणि त्याची आठवण कोठे राहील. शेवटची ओळ लिहिताना हात थांबेल. थांबू द्यावा. मग तोच कागद आपल्यापेक्षा उशिरा खेळायला येणाऱ्या कोणा मित्राच्या हाती देऊन विचारावे, "तू रात्री दहाला आलास, तर तुला काय मिळेल?"